खंडेनवमीला पेटी बंद असते

दुपारी खानावळीचा डबा उघडून मी पहिला घास घेतो, त्या सुमाराला माझा फोन एकदा थरथरतो. एरवी दिवसभर तो वाजतो तेव्हा पलीकडं कुणीतरी चिडलेलं असतं. प्रिंटर चालत नाही, नेट गेलं, पासवर्ड विसरला. हा दुपारचा मेसेज तेवढा कुणाच्याही रागाचा नसतो. त्यात एवढंच असतं की पुण्यातल्या एका पेटीनं गेवराईतल्या माझ्या पेटीत आपली प्रत ठेवली, सक्सेस. मी तो वाचतो, हिरवी खूण बघतो आणि जेवतो. माझ्याबरोबर रोज जेवायला बसणारं दुसरं कुणी नाही, म्हणून मी एका यंत्राच्या निरोपाची वाट बघतो. ह्यात लपवण्यासारखं काही नाही. पंचेचाळिशी आली, लग्न झालं नाही, आणि हे सगळं गावाला माझ्याआधी माहीत असतं.

माझं कॉम्प्युटरचं दुकान हायवेच्या कडेला आहे. वाळूचे ट्रक दिवसभर समोरून जातात आणि मी दिवसभर कीबोर्डमधली धूळ काढतो. ऐन वयात माझ्यासाठीही स्थळं पाहिली गेली. पोहे खाऊन खाऊन मी इतका तयार झालो होतो, की कुठल्या घरातून नकार येणार ते मला पहिल्या घासाला कळायचं. मुलीचा बाप विचारायचा, "नोकरी कावून न्हाई केली?" मी म्हणायचो, स्वतःचं दुकान आहे. दुकान म्हटलं की चहा लवकर यायचा, म्हणजे आता उठा. पुढं आई गेली आणि स्थळं आणणारं कुणी उरलं नाही. लोक लग्नाचं विचारायचे तेव्हा मला राग यायचा. आता कुणी विचारत नाही, त्याचा जास्त येतो.

आप्पा मला भेटले ते याच दुकानात. शिरूर कासारला त्यांचा फोटो स्टुडिओ होता. कपाळावर भस्म, गळ्यात लिंग, शर्टाच्या खिशात लेन्स पुसायचं मऊ फडकं. वयानं माझ्या वडिलांच्या जवळपासचे, पण पहिल्याच भेटीत त्यांनी मला "बे" म्हटलं आणि मी ते ठेवून घेतलं. इतक्या हक्कानं माझ्याशी बोलणारं तेव्हा कुणी नव्हतं.

त्यांची अडचण त्यांच्या गावाची होती. त्या बाजूची निम्मी गावं ऊसतोडीला जातात. लग्नं होतात उन्हाळ्यात, टोळ्या परत आल्या की. शूटिंग होतं, मग पेरण्या लागतात, फोटो निवडायला सवड होत नाही, आणि दसरा झाला की माणसं कोयते बांधून निघतात. अल्बम आणि व्हिडिओ न्यायला ती येणार पुढच्या गुढीपाडव्याच्या आगेमागे. तोवर त्यांचं लग्न आप्पांच्या कॉम्प्युटरात. "शेजाऱ्याकडं घराची किल्ली ठिवावी, तसं लगीन ठिवून जात्यात बे," आप्पा म्हणाले. एका वर्षी त्यांची हार्ड डिस्क बसली आणि एका घरचं लग्न गेलं. ती माणसं भांडली नाहीत. नवरीची आई स्टुडिओच्या पायरीवर नुसती बसून राहिली आणि मग उठून गेली. आप्पांना ते भांडणापेक्षा जड गेलं होतं.

मी त्यांना नेटवर्कवर चालणारी साठवणीची पेटी घ्यायला लावली. आमच्या धंद्यात तिला नॅस म्हणतात, आप्पा पेटीच म्हणायचे. आत दोन डिस्क, दोन्हींत तोच माल, एक गेली तर दुसरी आहे. स्टुडिओतल्या कॉम्प्युटरवर बॅकअपचं सॉफ्टवेअर, त्यानं रोज नवं काम उचलून पेटीत नेऊन ठेवायचं. ऐकायला सोपं आहे. पण सॉफ्टवेअर एका कंपनीचं, पेटी दुसऱ्या कंपनीची आणि दोघांचा मानपान वेगळा. सॉफ्टवेअर पेटीच्या दारात जायचं आणि पेटी म्हणायची, ओळखत नाही. मी त्याच्यासाठी वेगळं नाव आणि पासवर्ड काढला, म्हणजे कॉम्प्युटरात व्हायरस शिरला तरी त्याच्या हाती पेटीची किल्ली लागू नये. ओळख पटली, तर आत लिहायची परवानगी नाही. परवानगी दिली, तर लाइट गेली. लाइट आल्यावर राउटरनं पेटीला नवाच पत्ता दिला आणि सॉफ्टवेअर बिचारं जुन्या पत्त्यावर हाका मारत बसलं. शेवटी मी पेटीचा पत्ता कायमचा बांधून टाकला. आप्पा स्टुलावर बसून हे सगळं बघत होते.

"सोयरीक जमवायलास जणू," ते म्हणाले. "दुसऱ्याची बरी जमवितोस. सोताची कावून जमंना?"

दुसरं कुणी असं बोललं असतं तर मी पक्कड उचलून चालता झालो असतो. आप्पांना म्हटलं, माझ्या पत्त्यावर कुणी हाकच मारीना. ते इतके हसले, की मलाही हसावं लागलं.

बॅकअप रात्री लावावा असं शिकवतात. पण आमच्याकडं दुकान वाढवलं की माणूस आधी मेन स्विच खाली ओढतो, मगच कुलूप लावतो. तिथं रात्रीचा बॅकअप कुणाच्या जिवावर चालणार? म्हणून मी दुपारची वेळ लावली, आप्पा जेवून काउंटरमागं आडवे व्हायचे ती. शिवाय एकाच छताखाली दोन प्रती ठेवल्या, की आग लागल्यावर दोन्ही जातात. म्हणून तशीच एक पेटी मी माझ्या दुकानात बसवली आणि दोन्ही पेट्यांची इंटरनेटवरून गाठ मारली. त्यांचा माल माझ्याकडं, माझ्या गिऱ्हाइकांचा त्यांच्याकडं. पहिला माल इतका होता, की नेटवरून पाठवता पाठवता दिवाळी उजाडली असती. तेव्हा माझी पेटी आधी त्यांच्या स्टुडिओत नेऊन भरली, मग आप्पा ती मांडीवर घेऊन माझ्या मोटारसायकलवर मागं बसले आणि आम्ही तिला गेवराईला आणलं. खड्डा आला की ते "सावकाश, लग्नं हायती" म्हणायचे. त्यानंतर रोज फक्त बदललेलं तेवढं जायचं आणि रिपोर्ट दोघांच्याही फोनवर यायचा.

बॅकअप घेतला म्हणजे काम झालं असं नसतं. अधूनमधून त्यातलं काहीतरी परत काढून, उघडून बघावं लागतं, नाहीतर ऐन वेळी आत भुसा निघतो. ते बघायचं काम माझं. जेवताना मी आप्पांकडची कुठलीही फाइल उघडायचो आणि समोर अनोळखी लग्न सुरू व्हायचं. अक्षता, बँड, रुसलेला मामा, पंगतीत वाढपी. कधीकधी पुरतं बघून व्हायचं. तालुक्यातल्या किती घरच्या लग्नांना मी असा जेवलोय, ते त्यांना कुणालाच माहीत नाही.

रिपोर्ट आला की आप्पांचा फोन यायचा.

"आलं का बे सक्सेस?"

"आलं."

"जेवलास का?"

"जेवतोय."

"काय हाय?"

खानावळीचं जे असेल ते मी सांगायचो. मग मागून काकू, म्हणजे त्यांची बायको, काहीतरी बोलायच्या आणि आप्पा सांगायचे, रविवारी ये म्हणती. मी जायचो. काकू वाढायच्या, आप्पा माझी थट्टा करायचे आणि मी चिडायचो. हे कितीतरी वर्षं चाललं आणि तेव्हा मला त्याचं काही विशेष वाटलं नाही.

पहिल्या वर्षीची खंडेनवमी मात्र चांगली लक्षात आहे. दुपारी फोन थरथरला आणि खूण लाल. फेल्ड, पेटी सापडत नाही. आप्पा फोन उचलेनात. मी शटर ओढलं आणि शिरूर गाठलं. स्टुडिओत उदबत्तीचा वास भरला होता. पाटावर लाल कापड, त्यावर कॅमेरे, लेन्स, फ्लॅश आणि मधोमध पेटीतून उपसून काढलेल्या दोन्ही डिस्क. त्यांना हळदकुंकू, अक्षता, वर झेंडूचं एकेक फूल. शेजारी रिकामी पेटी चालूच होती आणि कर्कश बोंबलत होती.

"आप्पा, चालू पेटीतून डिस्क ओढतात का?"

"मग? तलवार म्यानात ठिवून कुणी पुजतंय का?" आप्पा शांतपणे म्हणाले. "कोयता पुजायचा तर पातं पुजत्यात, मूठ न्हाई. आता तूच सांग, हिचं पातं कोन्तं?"

पातं तेच होतं, हे खरं. तरी मी चिडायचा तो चिडलोच. डिस्कच्या जोडात कुंकू गेलं होतं, ते ब्रशनं काढलं. डिस्क बसवल्या, तर एक मागं पडलेली, ती दुसरीवरून पुन्हा भरून घ्यायला पेटी दिवस मावळेपर्यंत वेळ घेणार होती. तोवर काकूंनी मला पुरणपोळी वाढली. जेवून मी आप्पांना रीत घालून दिली. आधी पेटी नीट बंद करायची, दिवे विझू द्यायचे, मगच डिस्क काढायच्या. डाव्या डिस्कला कुंकवाचं एक बोट, उजवीला दोन, म्हणजे परत बसवताना घोळ नको. जोडाला कुंकू लागू द्यायचं नाही. त्यांनी हे सगळं दरवर्षी तंतोतंत पाळलं. एकच ऐकलं नाही. पुजलेलं हत्यार त्या दिवशी हलवायचं नसतं, म्हणून पेटी दसऱ्याच्या सकाळपर्यंत बंदच राहायची आणि खंडेनवमीचा रिपोर्ट दरवर्षी लाल यायचा. सॉफ्टवेअरमध्ये त्या दिवसाची सुट्टी टाकता आली असती. मी टाकली नाही. लाल खूण आली, की मी दुकान बंद करून पुरणपोळी खायला शिरूरला निघायचो. माझ्यासाठी ते बोलावणंच होतं.

मग काकू गेल्या. त्यानंतर आप्पा विसरायला लागले. आधी चष्मा, मग गिऱ्हाइकांची नावं, मग एका घरचं लग्न त्यांनी दुसऱ्याच घरच्या पेनड्राइव्हवर भरून दिलं. त्यांचा मुलगा पुण्याहून आला आणि त्यानं स्टुडिओ आवरायला घेतला. आप्पा जायला तयार होते, पण पेटीशिवाय नाही. "लोकांची लग्नं हायती तिच्यात," एवढंच म्हणत राहिले. मीच पुण्याला गेलो आणि त्यांच्या फ्लॅटमध्ये टीव्हीखालच्या कपाटात, राउटरशेजारी, पेटी बसवून दिली. गेवराईची गाठ पुन्हा मारली आणि ती कधीही सुटली तर मुलाच्या फोनवर लगेच मेसेज जाईल असं केलं. मुलाला म्हटलं, तुझेही फोटो ह्यात ठेवत जा. भला माणूस आहे. "काका, तुमचे उपकार झाले," म्हणाला. मला उपकार नको होते, मला माझे रविवार हवे होते. पण हे कुणाला सांगायचं?

सुरुवातीला आप्पांचा रोज फोन यायचा. मग मी करायला लागलो. मग एक दिवस ते म्हणाले, "कोण बोलतंय?" मी सांगितलं. "बरं, बरं," म्हणाले, विम्याच्या फोनवाल्याला म्हणावं तसं. पुढच्या वेळी आवाज ऐकून घाबरले. मुलानं फोन हातात घेऊन मला बाजूला समजावलं, "काका, ओळख लागली नाही की बाबा दिवसभर बेचैन राहतात. काही दिवस नका करू फोन." मी काही दिवस केला नाही. काही दिवसांचे महिने झाले.

राहिला तो दुपारचा रिपोर्ट. त्यात तपशील असतो. बदललेल्या फाइल शून्य, सक्सेस. बरेच दिवस मी मनाची समजूत घालत होतो, की हिरवं आलं म्हणजे तिकडं सगळं ठीक आहे. पण मी ह्याच धंद्यात म्हातारा होतोय. घरात कोण आहे, कोण नाही, ह्याच्याशी पेटीला काही देणंघेणं नसतं. माणूस नसला तरी सक्सेस येत राहतं, उलट जास्त बिनचूक येतं. हे कळत असूनही मी रोज तो मेसेज उघडत होतो.

पुण्यातली पहिली खंडेनवमी आली आणि दुपारी खूण लाल झाली. मी घास हातात धरून हसलो. लगेच मुलाचा फोन आला, "काका, बाबांनी पेटी बंद करून डिस्क काढल्यात, कुंकू लावलंय. काही बिघडणार नाही ना?" मी म्हटलं, काही नाही, उद्या बसव. एक बोट डावीकडं, दोन बोटं उजवीकडं. माझं नाव विसरलेला माणूस आधी पेटी बंद करायची हे विसरला नव्हता. त्या दिवशी मी पोटभर जेवलो.

त्यानंतर वर्षभर हिरवे रिपोर्ट मी नुसते वाचले. वाट बघत होतो ती एका लाल रिपोर्टची. तो आला तर आप्पा अजून तिथं आहेत, नाही आला तर नाहीत, एवढा सरळ हिशेब माझ्या डोक्यात बसला होता. यंदा दसरा जवळ आला. मी गिऱ्हाइकांवर विनाकारण खेकसायला लागलो. एकानं तर विचारलं, "काय झालंय तुमाला?" त्याला काय सांगणार, की एका बॅकअपनं नापास व्हावं म्हणून मी देवाला हात जोडतोय.

खंडेनवमीच्या सकाळी दुकान झाडलं. स्क्रू ड्रायव्हर, टेस्टर, केबल चिमटायची पक्कड पाटावर मांडून हळदकुंकू वाहिलं. समोरच्या गॅरेजात ट्रॅक्टरला झेंडूच्या माळा चढत होत्या. जेवायच्या वेळी खानावळीचा डबा आला, सणाचा म्हणून आत पुरणपोळी होती. मी डबा उघडला, फोन समोर ठेवला आणि हात आवरून बसलो. फोन थरथरला.

हिरवा. बदललेल्या फाइल शून्य. सक्सेस.

मी तो मेसेज बंद करून परत उघडला. जणू दुसऱ्यांदा तो लाल होणार होता. मग रडू आलं. कुणी आलं तर काय म्हणेल म्हणून शटर अर्धं ओढलं आणि आत बसून रडून घेतलं. आप्पांसाठी किती आणि स्वतःसाठी किती, ते मला सांगता येणार नाही.

मग उठलो. माझ्या दुकानातली पेटी मी कधी पुजली नव्हती, ते आप्पांचं काम होतं. मी ती नीट बंद केली. दिवे विझेपर्यंत थांबलो. डिस्क काढून पाटावर ठेवल्या, डावीला एक बोट, उजवीला दोन. म्हटलं, तिकडं राहून गेलं ते इकडं तरी होऊ दे. पुरणपोळी अजून तशीच होती, भूक नव्हती.

तेवढ्यात मुलाचा फोन आला. "काका, तुमची पेटी सापडत नाही असा मेसेज आलाय मला. लाइट गेली का तिकडं?"

"नाही रे. आज खंडेनवमी. पुजलीय."

तो हळू आवाजात म्हणाला, "काका, बाबा सकाळपासून कुंकू मागतायत. आम्हाला कळेना कशाला. देवघरातला करंडा दिला, तर घरभर फिरून फ्रिजला लावलं, मिक्सरला लावलं, वॉशिंग मशीनला लावलं. आणि सारखं म्हणत होते, 'हे न्हाई, हे न्हाई.' मी चिडलो आणि करंडा काढून घेतला. पेटी कपाटात असते, दार हल्ली लावलेलं असतं. दिसलीच नसणार त्यांना."

"कपाट उघड," मी म्हटलं. "पेटी बंद कर आणि डिस्क त्यांच्या हातात दे. करंडाही दे."

त्यानं फोन स्पीकरवर टाकून चालूच ठेवला. दार सरकल्याचा आवाज आला, मग पेटी बंद होतानाची बारीक शिटी. मग कुणीतरी जमिनीवर बसलं आणि मला श्वास ऐकू आला. तो आप्पांचा होता, मी कुठंही ओळखला असता.

"हे," आप्पा म्हणाले. "हेच की." आणि जरा वेळानं, "एक हिकडं. दोन हिकडं."

मला राहवलं नाही. "आप्पा, म्यानातून काढलं का?"

"काढलं की." मग विचारलं, "कोण बोलतंय?"

मी नाव सांगणार होतो. पण मुलानं सांगितलेलं आठवलं आणि जीभ आवरली. "गेवराईहून बोलतोय," एवढंच म्हटलं.

"गेवराईचे का तुमी?" त्यांचा आवाज एकदम मोकळा झाला. मला त्यांनी पहिल्यांदाच तुमी म्हटलं होतं. "गेवराईला माझा एक दोस्त हाय. हायवेला दुकान हाय त्याचं. लई चिडका, पर मानूस चांगला. लगीन न्हाई झालं बिचाऱ्याचं."

"ओळखतो मी त्याला."

"मग एक काम करा माझं. आज सणाचा दिवस हाय, त्यो यकटाच जेवत बसला आसंल. त्याला तुमच्या घरी न्या. आप्पानं सांगितलंय म्हणावं. न्हाई म्हणंल त्यो, पर त्याचं ऐकू नका."

"नेतो," मी म्हटलं, आणि डबा पुढं ओढला.